मांडव, मोबाईल आणि माणूस

(द्वितीय वर्ष, कला)

‘विज्ञान : शाप की वरदान’ हा निबंध मी शाळेत असताना चार वेळा लिहिला. चारही वेळा शेवटी ‘विज्ञान हे दुधारी शस्त्र आहे’ असे लिहून मोकळी झाले आणि चारही वेळा मला बरे गुण मिळाले. आज त्याच विषयाच्या एका लहानशा कोपऱ्याविषयी लिहावयाचे आहे. मात्र या खेपेस गुणांसाठी नव्हे. तो कोपरा असा : लग्न असो, स्नेहसंमेलन असो, शिबिर असो की जत्रा असो, चार माणसे एकत्र जमवून कार्य पार पाडणाऱ्याला बाजारात नित्य येणाऱ्या नव्या साधनांचा खरा उपयोग किती? आणि त्या साधनांचे ओझे वाहायचे कोणी? कार्य करणाराने की कार्याला येणाराने?

या विषयावर चार शब्द लिहिण्याचा मला थोडा अधिकार आहे, असे वाटते. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, गेली बावीस वर्षे एका मंडप कंत्राटदाराकडे कामाला आहेत. पाईप उभे करणे, कनाती बांधणे, सतरंज्या अंथरणे आणि कार्य उरकले की रातोरात सारे उतरवून टेम्पोत भरणे, हे त्यांचे काम. आजवर त्यांनी शेकडो लग्नांचे मांडव उभारले. त्यांपैकी बहुतेक लग्नांची पत्रिका त्यांना आलेली नव्हती. परंतु जेवल्याशिवाय कोणी जाऊ दिले नाही, असे ते अभिमानाने सांगतात. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. आणि गेली दोन वर्षे मी आपल्या स्नेहसंमेलन समितीवर काम करते आहे. म्हणजे पाहू गेले तर बापलेकीचा धंदा एकच! फरक इतकाच की, त्यांच्या हातात पक्कड असते आणि माझ्या हातात मोबाईल.

आणि याच मोबाईलच्या नादात गेल्या वर्षी माझ्या हातून एक चूक घडली. ती मी पुढे सांगणारच आहे. आधी न्यायाने जे चांगले आहे ते सांगते.

आमच्या नाशिक जिल्ह्यात अर्धी लग्ने मळ्यात लागतात. मळ्याला घर क्रमांक नाही, गल्ली नाही. ‘पाटाच्या कडेने या, मोठ्या चिंचेपासून डावीकडे वळा’ हाच पत्ता. पूर्वी मालक मंडपाचा टेम्पो पाठवायचे आणि टेम्पो भलत्याच वस्तीवर जाऊन उभा राहायचा. अण्णा सांगतात, एकदा रात्री अकरा वाजता चुकीच्या मळ्यात निम्मे पाईप उतरवून झाल्यावर त्या घरचे म्हातारबाबा उठून म्हणाले, “आमच्या पोराचं लगीन ठरलं आणि आम्हालाच ठावं नाही!” आता यजमान आपल्या अंगणात उभे राहून मोबाईलवरून ठिकाण पाठवतात आणि टेम्पो बरोबर त्याच अंगणात येतो. केवढा हा फरक! जागेचे दोन फोटो आधी आले की उतार किती, विजेची तार कुठून गेली आहे, हे मालकांना घरबसल्या दिसते. पिवळ्या हॅलोजनच्या जागी एलईडी दिवे आल्यापासून जनरेटरवरचा भार हलका झाला आणि दिव्याजवळ काम करताना पूर्वीसारखा चटकाही बसत नाही. भटजींच्या गळ्यात बिनतारी माइक आला, तेव्हापासून होमाभोवती तारेत पाय अडकून पडणे थांबले.

लग्नाचे थेट प्रक्षेपण ही अशीच एक गोष्ट. २०२० साली टाळेबंदीत लग्नाला पन्नासच माणसांची परवानगी होती, तेव्हा आमच्या गावाने मोबाईलमध्ये लग्न पाहायला शिकून घेतले. संकट गेले, सवय राहिली, आणि ती चांगली राहिली. माझा एक मावसभाऊ सैन्यात आहे. त्याला स्वतःच्या बहिणीच्या लग्नाला रजा मिळाली नाही. त्याने दूरच्या ठाण्यावरून मंगलाष्टके ऐकली आणि ‘सावधान’ म्हणताच तिकडे त्याने अक्षता टाकल्या. तांदूळ कुठून आणलेस, असे विचारले तर म्हणाला, “मेसमधून मूठभर मागून घेतले.” जे साधन हजार मैलांवरच्या भावाला मांडवात आणून बसवते, त्याला नावे ठेवायला माझी जीभ रेटणार नाही.

वरील सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. पाहुण्याला त्यासाठी काहीही करावे लागत नाही. दिवे बदलले, माइक बदलला, टेम्पो वेळेवर आला. पाहुणा आपला येतो, बसतो, जेवतो, आशीर्वाद देऊन जातो. सैन्यातल्या भावाने मोबाईल वापरला, पण तो नसता तरी त्याचे काही कमी होणार नव्हते. त्याला जास्तीचे मिळाले. साधनाची झळ पाहुण्याला लागली नाही.

आता दुसरी बाजू.

आपल्याकडे पत्रिका म्हणजे नुसती माहिती नव्हे. पहिली पत्रिका देवापुढे ठेवायची, मग हळदीकुंकवाचे बोट लावून भाऊबंदांकडे द्यायची, देताना घरात बसायचे, चहा घ्यायचा, ‘अगत्याने या’ म्हणायचे. आता पत्रिका व्हॉट्सअॅपवर येते. खर्च वाचतो, वेळ वाचतो, कागद वाचतो; हे फायदे खोटे नाहीत. ज्या बापाला मुलीच्या लग्नासाठी कर्ज काढावे लागते, त्याचे छपाईचे पैसे वाचले तर मला आनंदच आहे. परंतु आमच्या आळीतली एक वृद्ध चुलती मागील उन्हाळ्यात सख्ख्या पुतण्याच्या लग्नाला गेली नाही. पत्रिका तिच्या नातवाच्या मोबाईलवर आली होती. नातवाने ती पाहिली आणि पुढच्या चित्रफितीकडे वळला. म्हातारीला हळद लागल्यावर कळले. ती एवढेच म्हणाली, “पत्रिका आली असंल, बोलावणं नाही आलं.” पुतण्याच्या मनात काही वाईट नव्हते. त्याच्या मोबाईलवर दोन निळ्या खुणा उमटल्या होत्या आणि त्याने आमंत्रण पोचले असे धरले. यंत्राने निरोप पोचल्याची ग्वाही दिली. मात्र तो कोणाला पोचला हे यंत्राला ठाऊक नव्हते.

तीच गोष्ट माणसे मोजण्याची. आचाऱ्याला किती पाने सांगायची, ही कोणत्याही कार्यातली सर्वांत मोठी चिंता. शहरात यासाठी गुगल फॉर्म पाठवतात : ‘आपण येणार का? किती जण?’ राष्ट्रीय सेवा योजनेच्या आमच्या शिबिराला हा फॉर्म फारच कामी आला. कोणाला उपवास, कोणाला शेंगदाणा चालत नाही, सारे एका तक्त्यात आले आणि भात वाया गेला नाही. पण हाच फॉर्म गावच्या लग्नाला लावून पाहा! आपल्याकडे ‘चूलबंद’ आमंत्रण असते. त्या दिवशी त्या घरची चूल पेटू द्यायची नाही, घरातले झाडून सारे, आलेल्या पाहुण्यासकट, जेवायला यायचे. आता ‘किती जण’ या चौकटीत आकडा कोणता भरायचा? आणि आकडा विचारणे हाच अपमान मानणारी माणसे अजून हयात आहेत. तिथे अनुभवी आचाऱ्याचा अंदाजच खरा ठरतो. तो विचारतो, वार कोणता, त्याच दिवशी जवळपास दुसरे लग्न आहे का, बाजार कधी भरतो. हे प्रश्न फॉर्ममध्ये घालता येतील. पण ते सुचायला आधी आचाऱ्याजवळ बसावे लागेल.

आहेराचे मात्र उलट झाले आहे. २०१६ साली यूपीआय सुरू झाले आणि पाहता पाहता आहेराच्या टेबलावर पाकिटांच्या शेजारी क्यूआर कोडची पाटी आली. सुरुवातीला लोक हसले. पुढे लक्षात आले की, कोणी किती दिले याची नोंद आपोआप होते, आणि उद्या त्यांच्या घरी कार्य निघाले की तितकेच परत करता येतात. आहेराची वही ज्यासाठी ठेवतात, तेच काम. पाकीट देणाऱ्यासाठी वही उघडी आहे, मोबाईल असणाऱ्यासाठी पाटी आहे. दोन्ही वाटा उघड्या, म्हणून कोणाची अडचण होत नाही. २०२२च्या मार्चमध्ये रिझर्व्ह बँकेने साध्या बटणांच्या फोनवरूनही पैसे देता येतील अशी सोय सुरू केली, हे आपल्यापैकी कितीजणांनी आपल्या आईवडिलांना सांगितले आहे? मीही सांगितले नव्हते. त्याबद्दल यंत्राला दोष कसा द्यावा?

आता माझ्या चुकीविषयी.

दोन वर्षांपूर्वीच्या संमेलनात बाहेरची मुले शिरली होती आणि प्रवेशद्वारापाशी रेटारेटी झाली होती. गेल्या वर्षी समितीच्या पहिल्याच बैठकीत मी सुचवले की, यंदा कागदी पास नकोत. प्रत्येक विद्यार्थ्याच्या मोबाईलवर क्यूआर कोडचा पास पाठवू. दारावर दोन मुले मोबाईल घेऊन उभी राहतील, कोड वाचला की माणूस आत. खोटा पास नाही, गर्दी नाही, कोण किती वाजता आले याची नोंदही राहील. माझी सूचना एकमताने मान्य झाली. प्रथम वर्षाची मुलगी असून माझे कौतुक झाले आणि मी हवेत तरंगू लागले. पालकांचे पासही विद्यार्थ्यांच्याच मोबाईलवर पाठवले. दारावरच्या मुलांना मी स्वतः बजावले, “कोड दाखवल्याशिवाय कोणालाही सोडायचे नाही. ओळखीचे असले तरी नाही.”

त्या दिवशी मला निबंध स्पर्धेचे दुसरे पारितोषिक मिळणार होते. अण्णांनी मालकांकडून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली. आईने ठेवणीतले लुगडे काढले. दोघे एस.टी.ने आले. आयुष्यात प्रथमच ते महाविद्यालयाच्या दारात उभे राहिले आणि दारातच उभे राहिले. त्यांचे पास माझ्या मोबाईलमध्ये होते. माझा मोबाईल रंगमंचामागे एका खुर्चीवर, आवाज बंद करून ठेवलेला. अण्णांनी आपल्या बटणांच्या फोनवरून मला चार वेळा फोन केला. दारावरचा मुलगा माझ्याच वर्गातला. त्याने नम्रपणे सांगितले, “काका, कोड लागेल.” अण्णांनी वाद घातला नाही. दीड तास दोघे समोरच्या लिंबाखाली बसले. ध्वनिक्षेपकावरून माझे नाव पुकारले गेले, ते त्यांनी तिथूनच ऐकले. मग शेवटची गाडी चुकू नये म्हणून निघून गेले.

मी रात्री घरी पोचले, तेव्हा ताट झाकून ठेवलेले होते. मी रडू लागले तशी आई म्हणाली, “तू कामात असशील म्हणून पुन्हा पुन्हा फोन नाही केला.” अण्णा हसले. म्हणाले, “एवढी वर्षं मांडव बांधतो पोरी, पण मांडवाला कुठं दार राहतं का?”

त्यांनी ते रागाने म्हटले नव्हते. कदाचित सहजच बोलून गेले असतील. परंतु तेव्हापासून ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

नंतर मी या क्यूआर कोडची माहिती मिळवली, तेव्हा मला अधिकच लाज वाटली. १९९४ साली जपानमध्ये डेन्सो वेव्ह या कंपनीत मासाहिरो हारा या अभियंत्याने तो तयार केला. मोटारीच्या कारखान्यात सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तो होता. तेलकट, कळकट हातांत तो वावरणार, म्हणून त्याची रचनाच अशी की, योग्य प्रकारे छापला तर जवळजवळ ३० टक्के भाग मळला वा फाटला तरी तो वाचता येतो. म्हणजे हा कोड मुळात कागदावर छापून चिकटवण्यासाठीच जन्माला आला! वाचणाऱ्याजवळ यंत्र हवे. ज्याच्याजवळ कोड आहे त्याला यंत्राची काडीची गरज नाही. अण्णांच्या हाती मी एक छापील चिठ्ठी दिली असती, ती त्यांनी चार घड्या घालून खिशात ठेवली असती, तिला घाम लागला असता, तरी तो कोड वाचला गेला असता. दोष यंत्राचा नव्हता. कागदाला मागासलेपणा समजणाऱ्या माझ्या अहंकाराचा होता. घरातून पहिल्यांदा महाविद्यालयात आलेल्या मुलीला आपण मागास दिसू नये, याची फार घाई असते. त्या घाईत मी ज्या वाटेने आत आले, ती वाट माझ्याच माणसांसाठी बंद केली.

म्हणून आता कोणतेही नवे साधन दिसले की, मी पहिला प्रश्न हाच विचारते की, हे वापरण्यासाठी पाहुण्याजवळ काय असावे लागेल?

या प्रश्नाचे सर्वांत सुंदर उत्तर आपल्याच नाशिकमध्ये एका शाळकरी मुलाने दिलेले आहे. २००३च्या नाशिक कुंभमेळ्यात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक मृत्युमुखी पडले. २०१५चा कुंभ जवळ आला, तेव्हा मूळचे नाशिकचे व अमेरिकेत एमआयटीत प्राध्यापक असलेले रमेश रासकर यांच्या पुढाकाराने ‘कुंभथॉन’ नावाचा उपक्रम झाला. त्यात निलय कुलकर्णी या नाशिकच्या मुलाने सहकाऱ्यांसह एक चटई तयार केली. नाव ‘आशिओतो’, जपानी भाषेत याचा अर्थ पावलांचा आवाज. चटईत दाब ओळखणारी साधी योजना होती. वाटेवर ती अंथरायची, लोक तिच्यावरून चालत जायचे, आणि किती माणसे किती वेगाने पुढे सरकत आहेत याचा आकडा बंदोबस्तावरच्या माणसांना मिळायचा. कुठे गर्दी तुंबते आहे हे वेळेत कळले की वाट वळवता येते.

मित्रहो, या चटईकडे जरा नीट पाहा. गंगेवर स्नानाला आलेल्या आजीबाईला मोबाईल नको, कोड नको, नोंदणी नको, लिहिता-वाचता येण्याचीही गरज नाही. तिने फक्त चालायचे. ती अनवाणी असली तरी मोजली जाते. गर्दीचा जीव वाचवू पाहणाऱ्या साधनाने पाहुण्याकडे काहीच मागितले नाही. २०१५च्या कुंभात २००३सारखी दुर्घटना घडली नाही. त्याचे श्रेय एकट्या चटईला देता येणार नाही. रस्ते, पोलीस, स्वयंसेवक सर्वांचे ते होते. पण आमच्याहून लहान असलेल्या एका मुलाने योग्य प्रश्न विचारला होता, हे निश्चित.

याउलट २९ जानेवारी २०२५ रोजी प्रयागराजच्या महाकुंभात काय झाले ते आपण सर्वांनी पाहिले. तिथे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने गर्दी मोजणारे कॅमेरे होते. तरीही चेंगराचेंगरी झाली आणि भाविकांचे प्राण गेले. मोजणे आणि वाट करून देणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले यंत्र करील; दुसऱ्यासाठी माणूस जागेवर हवा आणि त्याचे ऐकले गेले पाहिजे. २०२७ साली नाशिकला पुन्हा सिंहस्थ आहे. आपल्यापैकी अनेकजण तिथे स्वयंसेवक म्हणून जातील. तेव्हा ही गोष्ट ध्यानात असू द्यावी.

भाषेचेही असेच. गेल्या संमेलनात प्रमुख पाहुण्यांचे भाषण बरेचसे इंग्रजीत झाले. मागच्या रांगांतले पालक इतरांनी टाळ्या वाजवल्या की टाळ्या वाजवत होते. १७ डिसेंबर २०२३ रोजी वाराणसीच्या काशी तमिळ संगमममध्ये पंतप्रधानांचे हिंदी भाषण ‘भाषिणी’ या सरकारी भाषांतर-प्रणालीच्या साहाय्याने तमिळ श्रोत्यांना तिथल्या तिथे तमिळमध्ये ऐकता आले. बोललेले शब्द पडद्यावर लिहून दाखवणे तर आता साध्या मोबाईललाही जमते. एलईडीच्या भल्यामोठ्या पडद्यावर आम्ही रंगीत ज्वाळा आणि फिरती फुले दाखवली. त्याच पडद्यावर भाषणाचा मराठी सारांश दाखवला असता तर? चुका झाल्या असत्या, कबूल. पण टाळी कशाला वाजवतो आहोत, एवढे तरी आईवडिलांना कळले असते.

नुसत्या दिखाऊ साधनांविषयी थोडक्यात लिहिते, कारण त्यांची जाहिरात करणारे पुष्कळ आहेत. ड्रोनने वरून काढलेले चित्रण छान दिसते. परंतु २०२१च्या ड्रोन नियमांप्रमाणे प्रतिबंधित क्षेत्रात परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, आणि नाशिकभोवती देवळालीसारखी लष्करी ठिकाणे आहेत. आधी नकाशा पाहावा, मग ड्रोन भाड्याने आणावा. डीजेच्या भिंतीबद्दल बोलायचे, तर रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनी बंदी घातली आहे; सणासुदीच्या ठरावीक दिवसांची सवलत सोडली तर ती सर्वांना लागू आहे. चेहरा ओळखून हजारो छायाचित्रांतून आपलीच तेवढी छायाचित्रे शोधून देणारी सोयही आता आली आहे. सोय मोठी आहे. पण मुलींच्या चेहऱ्यांचा असा साठा कोणाकडे राहतो आणि किती दिवस राहतो, हे विचारल्याशिवाय समितीने ती घेऊ नये. २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, त्याच्या मुळाशी संमती हे तत्त्व आहे. संमती म्हणजे एका कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांवर दाबलेले बोट नव्हे.

कोणी म्हणेल, “तुझे म्हणणे भावनेचे आहे. सगळेच दार उघडे ठेवले, तर पुन्हा रेटारेटी होईल.” हा आक्षेप मी टाळणार नाही. दाराची गरज खरी आहे. मुलींच्या सुरक्षिततेचा प्रश्न तर पहिला आहे. आणखी कोणी म्हणेल की, आज ना उद्या सर्वांच्या हाती स्मार्टफोन येणारच आहे. मग थोड्यांसाठी जुनी वाट कशाला चालू ठेवायची? यावर माझे उत्तर असे की, कार्य उद्या नसते, ते ठरलेल्या तिथीला असते. त्या दिवशी ज्याच्याजवळ फोन नाही, ज्याचा फोन बंद पडला आहे, ज्याला डोळ्यांनी नीट दिसत नाही, ज्याचा फोन मुलाच्या हातात आहे, तो त्या दिवशीचा आपला पाहुणा आहे.

म्हणून यंदा आम्ही काही साध्या गोष्टी केल्या. त्या पुढच्या समितीच्या उपयोगी पडाव्यात म्हणून येथे नोंदवते. पास मोबाईलवरही पाठवले आणि पालकांसाठी कागदावर छापूनही दिले. कोड तोच, खाली नाव ठळक मराठी अक्षरांत. दाराशी एक तिसरे टेबल मांडले. तिथे छापील यादी, एक वही आणि एक प्राध्यापिका. पास विसरलेल्याने आपल्या पाल्याचे नाव सांगायचे, यादीत पाहायचे, वहीत सही वा अंगठा करून आत यायचे. दुपारी रेंज गेली तेव्हा याच यादीने लाज राखली. समितीतल्या एकाचा फोन दिवसभर मोकळा ठेवला आणि तो क्रमांक पासावर छापला. कामांची जंत्री करायला आम्ही संगणकाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेतली. तिने मिनिटात चाळीस कामे लिहून दिली, त्यांतली तीस उपयोगी होती. पालकांना शेवटची एस.टी. किती वाजता आहे, हे मात्र तिच्या जंत्रीत नव्हते. ते आम्ही लिहिले आणि पारितोषिक वितरण एक तास अलीकडे घेतले.

सारे सुरळीत झाले असे म्हणणार नाही. तिसऱ्या टेबलामुळे रांग थोडी लांबली. छपाईचा खर्च वाढला, तो आम्ही फुग्यांच्या कमानीतून वजा केला. दोघाचौघांनी ‘एवढे मागे कशाला जायचे’ असा शेराही मारला. पण वहीत बावन्न नावे भरली. बावन्नपैकी एकोणीस अंगठे होते. ही माणसे गेल्या वर्षी कुठे होती, हा प्रश्न मी मनातल्या मनात विचारला. उत्तर मला ठाऊक होते.

यंदा आई आली, शेजारच्या काकूंबरोबर. तिने पास रुमालात बांधून आणला होता. एस.टी.त कोणाच्या तरी बाटलीतले पाणी सांडून तो एका बाजूने भिजला होता. दारावरच्या मुलाने मोबाईल वर धरला आणि कोड पहिल्याच खेपेस वाचला गेला. “या काकू,” तो म्हणाला. आई आत आली आणि तिसऱ्या रांगेत बसली. यंदा मला कोणतेही पारितोषिक नव्हते. ती तरीही शेवटपर्यंत बसली.

अण्णा येऊ शकले नाहीत. लग्नसराई होती आणि त्या दिवशी त्यांना एका मळ्यात मांडव घालायचा होता. त्यांच्या नावाचा पास माझ्या वहीत तसाच आहे.